वाईच्या सात घाटांवर सात कृष्णाबाई: एकच उत्सव का नको?

वाईची_सून

माहेर नागपूर, सासर वाई, मुक्काम ठाणे. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी एक गोष्ट अजून पचनी पडत नाही.

वाई ती केवढीशी! जुनं गाव तर नदीच्या काठाकाठाने रमतगमत चाललं तरी पटकन संपतं. आणि कृष्णाबाईचे उत्सव किती? सात! भीमकुंड आळी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी. माघात सुरू होतात ते एकामागून एक पार फाल्गुनापर्यंत. प्रत्येक आळीची मूर्ती वेगळी, मांडव वेगळा, वर्गणी वेगळी, कीर्तनकार वेगळे, पंगत वेगळी. नदी काय ती एक.

आता आळ्यांमधली निम्मी घरं कुलूपबंद आहेत. मुलं पुण्यात नाहीतर परदेशात. जे सत्तरीपुढचे लोक खांद्यावर सगळं घेऊन चालवतात, त्यांच्यानंतर काय? माझं मत: सातही आळ्यांनी एकत्र यावं, आठ दिवसांचा एकच देखणा उत्सव करावा आणि उरलेला पैसा नदी साफ करायला वापरावा. सासरी हे बोलले तर "तुला नाही कळायचं" म्हणून विषय संपवला, म्हणून इथे विचारते. विरोध जरूर करा, फक्त "तुम्ही बाहेरच्या" हे सोडून काहीही चालेल.

भीमकुंडवाला

तुम्ही बाहेरच्या.

(पळतो.)

गंगापुरीचा_नातू

भीमकुंडवाल्यांकडून दुसरी अपेक्षा नव्हती. :)

ताई, मुद्द्याचं सांगतो. हे सात उत्सव म्हणजे एका उत्सवाच्या सात फांद्या नाहीत. परंपरा अशी सांगतात की अफझलखान वाईला तळ देऊन होता तेव्हा इथल्या मंडळींनी कृष्णामाईला नवस केला, की संकट टळलं तर तुझा उत्सव करू. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली काय झालं ते शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. वाई परगणा त्याच्याचकडे होता, त्यामुळे इथल्या लोकांना तो इतिहासाच्या पुस्तकातला नव्हता, रोज उरावर बसलेला होता. नवस फेडायला सुरुवात झाली आणि पुढे आळीआळीने आपापल्या घाटावर तो उचलला. नवस ज्याचा त्याने फेडायचा असतो. शेजाऱ्याने तुमच्या वतीने फेडून चालत नाही.

आगाऊ_पंडित

@नातू, नवसाची कथा गोड आहे, पण कथा म्हणूनच ठेवा. नद्यांचे उत्सव कृष्णाकाठी इतरही ठिकाणी आहेत. कऱ्हाडला कृष्णामाईची यात्रा चैत्रात भरते, तिथे अफझलखान कुठून आणणार? मला वाटतं माघ-फाल्गुनाचं कारण साधं आहे. पावसाळ्यात घाट पाण्याखाली, दिवाळीनंतर रब्बीची गडबड, चैत्र-वैशाखात लग्नं आणि उन्हाचा कडाका. माघात नदी स्वच्छ, संथ, पायऱ्या मोकळ्या, हवा थंड. रात्री घाटावर मांडवात बसून कीर्तन ऐकायला याहून चांगले दिवस नाहीत.

गंगापुरीचा_नातू

पंडित, तुम्ही प्रत्येक धाग्यावर नवसावर पाणी ओतता. निदान या धाग्यावर तरी कृष्णेचं ओता.

हळद_लावून_बसलेली

मी गणपती आळीची, आता कोथरूडला. सूनबाई, तुम्ही कधी लळिताच्या, म्हणजे उत्सवाच्या सांगतेच्या दिवशी मांडवात होतात का हो? उत्सव म्हणजे फक्त कीर्तन नाही. आमच्याकडे देवीला बसवायची, तिला नेसवायची, ओटी भरायची, पालखी काढायची, प्रसादाला कोणाकडून काय यायचं हे सगळं ठरलेलं असे. कोणत्या घरची बाई कोणत्या दिवशी स्वयंपाकाला उभी राहणार हेसुद्धा. माझी आजी वर्षभर कोणाशी भांडली तरी त्या दिवसांत भांडण बाजूला ठेवायची. उत्सव संपला की उरलेलं भांडण पुन्हा हाती घ्यायची, ते वेगळं.

सात उत्सव असल्यामुळे सात आळ्यांतल्या बायकांना मानाचं काम मिळतं. एक केलात तर एका समितीत सातआठ पुरुष बसतील आणि बाकीच्या आळ्यांच्या बायका प्रेक्षक होतील. लिहून ठेवा.

मीटरगेज

@हळद, हा मुद्दा जबरदस्त. +१.

अवांतर: पंगतीत मसालेभात आणि जिलबी अजून असते का? असेल तर माझं मत सात नव्हे, चौदा उत्सवांच्या बाजूने.

भीमकुंडवाला

(परत आलो.) मसालेभात असतो. भीमकुंड आळीचा चांगला असतो. बाकीच्यांचा खाण्यासारखा असतो.

पसरणीघाट

धाग्याची गाडी पंगतीवर जायच्या आत जरा इतिहास. वाई म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात: ढोल्या गणपती आणि हिंदी सिनेमाचं शूटिंग. दोन्ही नदीमुळेच.

ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ चं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. शेजारचं काशीविश्वेश्वराचं त्याआधीचं, १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्त्यांचं. रास्ते म्हणजे पेशव्यांचे सोयरे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्याच कन्या. पैसा, मान आणि पुण्याशी जवळीक, तिन्ही होती, आणि ती सगळी घाटांच्या दगडांत उतरली.

पण मला त्या देवळात सगळ्यांत आवडते ती मागची बाजू. गणपतीला नमस्कार करून लोक परत फिरतात, मागे कोणी जात नाही. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, म्हणजे पुराचा लोंढा भिंतीवर आदळण्याऐवजी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा. अडीचशेहून जास्त वर्षं पूर येतोय आणि देऊळ उभं आहे. ज्याने तो आराखडा केला त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, पैसे देणाऱ्याचं माहीत आहे. नेहमीचंच.

टकमक_टोक

पसरणीकर आलात म्हणजे आता शाहीर साबळे येणार.

पसरणीघाट

येणारच! पसरणीतच जन्मले ते, १९२३ साली. घाट चढताना आमच्या गावाला नमस्कार करून पुढे जात जा, पाचगणी-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी काही पळून जात नाही.

आगाऊ_पंडित

शूटिंगचा विषय निघालाच आहे तर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, मागे चंद्रकोरीसारखा घाट आणि तिथली ती घंटा. बहुतेक पर्यटक नायक कुठे बसला होता ते विचारतात आणि घंटेकडे पाठ करून फोटो काढतात. ती घंटा पोर्तुगीजांची आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत आणि साल आहे १७०७. वसईच्या मोहिमेनंतर अशा घंटा मराठी मुलखात अनेक देवळांत आल्या. चर्चची घंटा शंकराच्या देवळापुढे आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मला तरी हा वाई परिसराचा स्वभाव वाटतो.

अनुस्वार

स्वभाव वगैरे ठीक, पण वाई म्हणजे घाट, वाडे, पेशवे इतकंच चाललंय इथे. या गावाने गेल्या शंभर वर्षांत जे केलं ते त्याहून मोठं आहे, त्यावर एक ओळ नाही?

नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा इथली. विनोबा १९१७ मध्ये आश्रमातून रजा घेऊन इथेच शिकायला आले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेचे. वेदशास्त्र शिकलेला हा माणूस अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राधार शोधून देतो, गांधीजींच्या मुलाचं राजाजींच्या मुलीशी लग्न लागतं तेव्हा पौरोहित्य करतो. १९३३ साली, आंतरजातीय लग्नाला! धर्मकोशाचं काम वाईतच चाललं. मराठी विश्वकोशाचं कार्यालय मुंबई-पुण्याला न जाता वाईत राहिलं, पहिला खंड १९७६ चा.

नदीकाठच्या एका लहान गावात बसून मराठीचा ज्ञानकोश रचला गेला, याचा अभिमान वाईकरांना कीर्तनाइतका का वाटत नाही, हा माझा प्रश्न.

मीटरगेज

कारण विश्वकोशाची पंगत नसते.

अनुस्वार

हसलो, पण मुद्दा तोच आहे.

वाईची_सून

@अनुस्वार, तुमच्या प्रतिसादाने माझाच प्रश्न वेगळ्या बाजूने पुढे आला. ज्या गावात तर्कतीर्थ राहिले, तिथल्या या आळ्यांच्या पंगतींना कोण बसत होतं आणि कोण नव्हतं? यावर कोणीच बोलत नाहीये.

हळद_लावून_बसलेली

बोलायला हवं, खरं आहे. जुन्या आळ्या कोणाच्या होत्या हे नावांवरूनच कळतं. माझ्या लहानपणी सोवळ्याची पंगत वेगळी बसे. मांडव बांधणारे, पालखीपुढे वाजवणारे, भांडी घासणारे जेवायचे शेवटी आणि बाजूला. आज महाप्रसादाला सगळं गाव येतं, रांगेत उभं राहतं, वाढणारे कोण आणि जेवणारे कोण हे कोणी विचारत नाही. पण हा बदल झाला तो कोणी ठराव केला म्हणून नाही. आळीत माणसंच उरली नाहीत, वाढायला हात कमी पडले, म्हणून झाला. चांगला झाला. पण श्रेय कोणाला द्यायचं ते प्रामाणिकपणे द्यावं.

बावधनचा_बैल

मग आमच्या बगाडाला या, म्हणजे बैलांनी ओढायच्या उंच लाकडी गाड्याच्या जत्रेला. रंगपंचमीला, कृष्णाकाठी सोनेश्वरपासून बावधनपर्यंत. होळीच्या रात्री भैरवनाथाचा कौल लावून बगाड्या, म्हणजे बगाडावर चढणारा नवसकरी, ठरतो, बगाड ओढायला बैलांच्या जोड्याच्या जोड्या लागतात, आणि शेताशेतातून ते निघालं की पंचक्रोशी लोटते. सुतार, लोहार, बैलवाले, प्रत्येकाचं काम वाटून दिलेलं. आमच्याकडे कोणी "आता सगळ्या गावांचं एकच बगाड करा" असं म्हणत नाही हे आमचं भाग्य. वाईकर घाटावर बसून कीर्तन ऐकतात, आम्ही उन्हात बगाड ओढतो. नदी तीच.

टकमक_टोक

आयडी वाचून प्रतिसाद वाचला. सार्थक झालं.

पाणीपट्टी

उशिरा आलो. पाटबंधाऱ्यात नोकरी केली, आता निवृत्त. सूनबाईंच्या "उरलेला पैसा नदीला" या वाक्यावर थोडं लिहितो, कारण इथेच सगळ्यांची गफलत होते.

वाईच्या वर धोम धरण आहे, क्षमता साडेतेरा टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). त्याच्या वर धोम-बलकवडी, सुमारे चार टीएमसी. म्हणजे वाईच्या घाटावर जी नदी दिसते ती महाबळेश्वरहून सरळ वाहत येणारी नदी राहिलेली नाही. पावसाळ्यात धरण भरलं आणि दरवाजे उघडले की घाट पाण्यात जातात. पावसाळा संपला की पाणी हिशोबाचं होतं. कालवे धरणापासूनच निघतात, त्यामुळे शेतीचं पाणी बहुतांशी नदीपात्रातून न जाता कालव्यातून जातं. माघ-फाल्गुनात पात्रात पाणी कमी, आणि त्यात गावाचं सांडपाणी. वाहतं पाणी कमी आणि सांडपाणी तेवढंच, मग जलपर्णी माजणार नाही तर काय होणार?

निर्माल्य, मूर्ती, दिवे यांना शिव्या देणं सोपं असतं कारण ते डोळ्यांना दिसतात. खरा प्रश्न नाले अडवून, शुद्ध करून मग सोडण्याचा आहे. ते काम नगरपालिकेच्या आणि सरकारच्या पैशाचं आहे, वर्षानुवर्षं वीजबिल आणि माणसं लागतात. सातही आळ्यांची वर्गणी एकत्र केलीत तरी त्यात एक नाला अडवता येणार नाही. घाटावरची जलपर्णी काढायला मात्र हात लागतात आणि ते हात आळ्यांकडेच आहेत. तरुण मंडळं, शाळेची मुलं, बायका उतरून जलपर्णी काढताना मी स्वतः पाहिलेत. तेव्हा उत्सव एक करून नदीला पैसा मिळेल हे गणित जमत नाही.

वाईची_सून

गणित पटलं. म्हणजे पैशाचा मुद्दा बाजूला ठेवू. पण "पुढे कोण चालवणार" हा प्रश्न तसाच उरतो ना.

वरच्या_गावचा

मी एरवी इथे फक्त वाचतो. पाणीपट्टी काकांचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं.

आमचं गाव धोमच्या पाण्यात गेलं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. आजोबा सांगायचे, गाव उठलं तेव्हा लोकांनी आधी देव काढले आणि मग दारंखिडक्या. जमीन मिळाली ती खाली, दूर, कालव्याच्या बाजूला, तीही वेगवेगळ्या ठिकाणी. एक भावकी तीन गावांत विभागली. पण यात्रा? यात्रा मोडली नाही. ती तीन ठिकाणी व्हायला लागली, कारण प्रत्येक वस्तीला आपला देव जवळ हवा होता. मोठे लोक आजही म्हणतात, एकच करू या, सगळे एकत्र येऊ. दरवर्षी बैठक होते. दरवर्षी ठरतं. दरवर्षी तीनच होतात.

तुमच्याकडे घाट जागेवर आहेत, मूर्ती जागेवर आहेत, आळ्या जागेवर आहेत. आमच्या लोकांना हे बघून काय वाटतं ते तुम्हाला कदाचित नाही कळायचं. सात उत्सव आहेत तर असू देत. ज्यांच्या गावात पाणी शिरलं त्यांना विचारा, एकच उत्सव राहिला म्हणजे काय.

गंगापुरीचा_नातू

@वरच्या_गावचा, लिहीत राहा. आम्ही घाटावर उभे राहून पाणी बघतो, त्या पाण्याखाली काय आहे हे घरात कधी बोललं जात नाही.

पसरणीघाट

खरंय. आणि २०२१ च्या जुलैत धरणांच्या वरच्या जोर भागात पावसाने जे केलं, शेतं वाहून गेली, रस्ते गेले, तेही खाली वाईत फक्त "पाणी वाढलंय, घाट बुडाला" एवढंच दिसलं.

मीटरगेज

वातावरण गंभीर झालं, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. वाईत जुने वाडे अजून राहण्यासारखे आहेत का, की सगळ्यांच्या सोसायट्या झाल्या? पेन्शनीत गेल्यावर नदीकाठी राहायचा विचार आहे.

हळद_लावून_बसलेली

काही आहेत, काही वाटण्यांत अडकलेत, काही पडलेत. आमच्या वाड्याचे वारस इतके, की छप्पर शाकारायला सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत पुढचा पावसाळा येतो. नदीकाठी राहायचं तर पुराची रेषा कुठवर येते ते आधी बघा, एजंट सांगणार नाही. शनिवार-रविवारी महाबळेश्वरच्या गाड्यांनी गावात चालायला जागा नसते, तेही बघा.

आगाऊ_पंडित

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण सूनबाईंचा "पुढे कोण चालवणार" हा प्रश्न खरा आहे आणि आपण सगळ्यांनी त्याला बगल दिली.

माझं निरीक्षण असं की सातपणामुळेच हे टिकलं. एका आळीत माणसं कमी पडली की शेजारची आळी चिडवते, आणि त्या चिडवण्यातून पुण्याहून पोरं रजा टाकून येतात. "यंदा धर्मपुरीचा मांडव आपल्यापेक्षा मोठा" हे वाक्य कोणत्याही आवाहनपत्रकापेक्षा जास्त काम करतं. एक उत्सव झाला तर चुरस संपेल, आणि चुरस संपली की वर्गणी मागायला बाहेर पडणाराही राहणार नाही. शेवटी एखादा ठेकेदार येईल, मोठे स्पीकर लावेल आणि फलकावर नेत्यांचे फोटो येतील.

मात्र हिशोब, ध्वनिक्षेपक, भांडी, मांडवाचं सामान हे सात ठिकाणी सात वेळा घ्यायचं काही कारण नाही. ते एका ठिकाणी ठेवता येईल. कीर्तनकारांनाही एकदाच बोलावून क्रमाने फिरवता येईल.

वाईची_सून

हे मला पटण्यासारखं आहे. आणि एक सुचतं. गुरू कन्या राशीत आला की गंगा कृष्णेला भेटायला येते म्हणून कन्यागत पर्व करतात, बारा वर्षांनी. मागचं २०१६ ला झालं, पुढचं २०२८ ला. दरवर्षी नको, पण त्या एका वर्षी सातही आळ्यांनी मिळून एक पालखी काढली तर? बाकीची अकरा वर्षं करा आपापलं, भांडा, मसालेभाताची स्पर्धा लावा.

पाणीपट्टी

उत्तम सूचना. आणि त्या वर्षाच्या आधी नाल्यांचं काम करून घ्यायला नगरपालिकेच्या मागे लागा. गंगा येणार म्हटल्यावर कोणी नाही म्हणणार नाही.

हळद_लावून_बसलेली

माझा पाठिंबा. समितीत निम्म्या बायका असतील तर.

गंगापुरीचा_नातू

आमच्या आळीतल्या काकांना फोन करून विचारलं. म्हणाले, "करू की, काही हरकत नाही." पहिल्यांदाच एवढ्या लवकर हो म्हणालेत.

भीमकुंडवाला

आम्हीही तयार. फक्त एक सांगा, पालखी निघणार कुठून?

गंगापुरीचा_नातू

गंगापुरीतून. गंगा येणार आहे ना?

भीमकुंडवाला

का म्हणून?